बुळकांडी कुठे गेली?

बुळकांडी हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? माझ्या वयाच्या बहुतेकांनी तो ऐकलेलाच नसणार. यवतमाळकडच्या आमच्या गोतावळ्यातसुद्धा आता सत्तरी ओलांडलेल्या मंडळींनाच तो ठाऊक आहे. तेही सांगताना थोडे थांबतात, मग म्हणतात, "हो, ढोरांची माय होती ती. गाव साफ करून जायची."

एखाद्या रोगाचं नावच लोक विसरावेत यापेक्षा चांगली बातमी काय असणार! देवीचा रोग गेला हे आपल्याला शाळेत शिकवलं. दंडावरचे टोचल्याचे व्रण आईवडिलांच्या हातावर दिसतात, म्हणून तो लक्षात तरी राहिला. पण माणसानं पृथ्वीवरून आजवर दोनच रोग मुळासकट उपटलेत आणि त्यातला दुसरा म्हणजे गुरांची ही बुळकांडी, हे किती जणांना माहीत आहे? इंग्रजीतलं तिचं नाव रिंडरपेस्ट. २०११ च्या मे-जूनमध्ये पॅरिस आणि रोमहून त्याची घोषणा झाली. आपल्याकडे त्या दिवसांत लोक बहुधा वर्ल्डकपच्या नशेत होते. असो.

गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचतोय. त्यातून हाती लागलेली गोष्ट मला फार मोलाची वाटली, म्हणून इथे मांडतो.

आधी रोग काय होता ते थोडक्यात. गोवराच्या विषाणूचा हा सख्खा नातेवाईक. जनावराला जोराचा ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात चट्टे, मग दुर्गंधी हगवण आणि आठ-दहा दिवसांत खेळ खलास. ज्या मुलखात हा रोग आधी कधी आलेला नसे तिथे शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मरत. आपल्या सपाटीवरच्या गुरांत पिढ्यान् पिढ्यांच्या सहवासानं थोडी ताकद आली होती, त्यामुळे इथे मरतूक त्याहून कमी. पण कमी म्हणजे किती कमी, हे ज्याच्या गोठ्यात दोनच बैल आहेत त्याला विचारावं.

हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपला जिल्हा कोरडवाहू कापसाचा. (१९०५ पर्यंत याचं नाव वणी जिल्हा होतं.) वखरणी, पेरणी, डवरणी, शेवटी कापूस बाजारात नेणं, सगळं बैलांच्या खांद्यावर. आणि बैलाचा हिशेब गाईसारखा नसतो. दोनपैकी एक गाय मेली तर अर्धं दूध उरतं. जोडीतला एक बैल मेला तर अर्धी शेती उरत नाही, दुसराही दावणीला बसून राहतो. मृगाचा पाऊस पडून गेलाय, शेजाऱ्याची तिफण चाललीय आणि आपण सावडीला बैल मागत दारोदार फिरतोय, ही त्या काळच्या शेतकऱ्याची सगळ्यात मोठी भीती. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडानं चाऱ्यावाचून गुरं मरताना पाहिली. पण चारा-पाणी भरपूर असतानाही गोठा रिकामा करणारी शत्रू म्हणजे बुळकांडी.

उपाय काय होते? आमचे आबा सांगायचे, साथ आली की मरीमायला नैवेद्य, वेशीवर मंतरलेला दोर बांधून त्याखालून सगळी ढोरं काढायची, आणि दुसऱ्या गावचं जनावर आखरावर येऊ द्यायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत काढतात, रोगराईला गावाबाहेर घालवतात, त्यामागेही हीच भीती असणार. हसू नका. यातला शेवटचा उपाय, परक्या जनावराला गावबंदी, आजच्या शास्त्रालाही शंभर टक्के मान्य आहे!

आता सरकारची बाजू. १८६५-६६ मध्ये खुद्द इंग्लंडात बुळकांडीनं हाहाकार उडवला, तेव्हा साहेबाला तिचं गांभीर्य कळलं. १८६९ साली हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींची चौकशी करायला एक कमिशन नेमलं गेलं. त्याचे प्रमुख हॅलन नावाचे लष्करातले पशुवैद्य. १८७१ ला अहवाल आला. पुढे जवळजवळ दोन दशकांनी, १८८९ च्या डिसेंबरात, प्रयोगशाळा निघाली. कुठे? तर आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. म्हणजे ज्याला पुढे सगळे सीओईपी म्हणू लागले तिथे. नाव इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी. देशातल्या सरकारी पशुरोग संशोधनाचा पाळणा पुण्यात हलला, हे मला तरी आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. गंमत म्हणजे हे गृहस्थ पशुवैद्य नव्हते, माणसांचे डॉक्टर होते. पुण्यातली जागा लवकरच अडचणीची ठरली. भरवस्तीत इतके जालीम जंतू पाळायचे कसे? शिवाय तिथली उष्ण हवा. म्हणून १८९३ मध्ये सगळं बिऱ्हाड कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला, साडेसात हजार फुटांवर हललं. हवा थंड, वस्ती विरळ, चहूकडे जंगल. तिथे आणखी एक सोय होती. डोंगराळ भागातली गुरं या रोगाला फार लवकर बळी पडत, त्यामुळे प्रयोगासाठी विषाणू त्यांच्यात वाढवता येई. १८९७ साली रॉबर्ट कॉख, दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर आणि मग मुंबईत प्लेगवर काम करून, आपल्या दोन सहकाऱ्यांसह मुक्तेश्वरला येऊन गेले. पुढे याच संस्थेची इज्जतनगरला शाखा निघाली आणि स्वातंत्र्यानंतर तिची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली.

सुरुवातीचं हत्यार म्हणजे सीरम. रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तातलं पाणी दुसऱ्याला टोचायचं. त्याचा परिणाम फार तर दोन आठवडे टिके. साथ गावाच्या वेशीवर असेल तेव्हा ठीक, एरवी उपयोग नाही. खरी कलाटणी १९२० च्या दशकात मिळाली. मुक्तेश्वरचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा शेकडो वेळा फिरवला. शेळ्यांत रमलेला हा विषाणू गुरांसाठी मवाळ झाला. तो टोचला की थोडा ताप येई, पण रोगापासून दीर्घकाळ संरक्षण मिळे. गरिबाची गाय म्हणतात त्या शेळीनं श्रीमंताच्या खिल्लारासकट सगळ्यांना वाचवलं म्हणायचं.

इथे जरा देशाबाहेर डोकावू, कारण ही गोष्ट एकट्या हिंदुस्थानची नव्हती आणि तिच्यात आपली भूमिका नेहमीच बिचाऱ्याची नव्हती. १८८७ च्या सुमारास इटलीच्या फौजेसाठी आफ्रिकेत गुरं नेली गेली, त्यांतली काही हिंदुस्थानातली होती आणि त्यांच्याबरोबर रोग तिथे पोचला असं मानलं जातं. पुढच्या दहा वर्षांत तो इथिओपियापासून थेट दक्षिण टोकापर्यंत गेला. इथिओपियात त्यातून असा दुष्काळ पडला की एक तृतीयांश माणसं दगावली असा अंदाज आहे. १९२० साली इथून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि युरोपात पुन्हा बुळकांडी पसरली. त्या धक्क्यानं २८ देशांनी एकत्र येऊन १९२४ मध्ये पॅरिसला जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापन केली. संयुक्त राष्ट्रांच्याही वीसेक वर्षं आधी! गुरांच्या रोगाला सीमा नसते हे राज्यकर्त्यांना माणसांच्या भांडणांपेक्षा लवकर कळलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. योजना सरळ होती. पाच वर्षांत देशातल्या किमान ८० टक्के गाई-म्हशींना लस टोचायची. लस फुकट. आबा सांगायचे, टोचणीवाले सायकलवर बर्फाचा डबा बांधून यायचे. आखरावर सगळ्या गावची ढोरं गोळा व्हायची. काही लोक बैल मळ्यात दडवून ठेवायचे, कारण टोचलं की बैल दोन-चार दिवस तापानं मलूल होतो आणि नेमकी पेरणी तोंडावर असते. पण बहुतेकांनी टोचून घेतलं. परिणामही दिसला. दरवर्षी हजारोंच्या संख्येनं होणारे उद्रेक दहा वर्षांत काहीशेवर आले.

आणि तिथेच गाडी रुतली.

साठ गेलं, सत्तर गेलं, ऐंशी आलं, रोग काही संपेना. दरवर्षी कोट्यवधी टोचण्या, दरवर्षी अहवालात मोठमोठे आकडे आणि दरवर्षी कुठेतरी उद्रेक. दरम्यान केनियात प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली, आणखी सुरक्षित लस तयार केली आणि ती आपल्याकडेही आली. तरी रोग दक्षिणेच्या राज्यांत ठाण मांडून राहिला आणि तिथून गुरांच्या बाजारांच्या वाटेनं अधूनमधून बाहेर डोकावत राहिला. आपला जिल्हा तर पैनगंगेच्या काठावर, नदी ओलांडली की त्या वेळचं आंध्र. गुरं काही पुलावर पास काढून येत नाहीत.

लस उत्तम होती. टोचणारे राबत होते. मग चुकत काय होतं? मला समजलं ते असं. सगळी यंत्रणा टोचण्या मोजत होती, रोग शोधत नव्हती. ८० टक्के हा सरासरीचा आकडा. ज्या गावांत रोग नाही तिथे ९५ टक्के आणि ज्या भटक्या कळपांत तो दडलाय तिथे २० टक्के झाले, तरी सरासरी झक्कास दिसते. आणि विषाणूला जगायला सरासरी लागत नाही, लस न टोचलेला एक कळप पुरतो.

याहून मोठी गोम रक्तात होती. लस दिलेल्या जनावराचं रक्त आणि बुळकांडीतून वाचलेल्या जनावराचं रक्त तपासणीत सारखंच दिसतं. म्हणजे सगळ्यांना टोचत राहिलात, तर रोग आहे की गेला हे कळायचा रस्ताच बंद! लस रोगाला दाबते आणि त्याच वेळी त्याला झाकतेही.

१९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीनं नवा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि त्यात प्रश्नच बदलला. "किती टोचले?" याऐवजी "रोग नेमका कुठे आहे?" देशाचे विभाग पाडले. जिथे रोग आहे तिथे नेम धरून लस. जिथे नाही तिथे टप्प्याटप्प्यानं लस बंद आणि शोध सुरू. हा शोध कसा? पशुवैद्यकीय कर्मचारी गावोगाव जाऊन विचारायचे. दवाखान्यांच्या नोंदवह्या चाळायचे. ज्या वाटांनी गुरं बाजाराला जातात त्या वाटांवर उभे राहायचे. तोंडात चट्टे आणि हगवण असं जनावर दिसलं की नमुना प्रयोगशाळेत. हजारो गावांत जाऊन "नाही, इथे नाही" एवढंच लिहून आणायचं काम. कल्पना करा, किती कंटाळवाणं असेल! त्यात ना फोटो, ना उद्घाटन.

लस बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. टोचत राहणं सोपं असतं, त्यासाठी कुणी जाब विचारत नाही. लस थांबवली आणि उद्या साथ आली तर मान कुणाची जाणार? पण थांबवल्याशिवाय रोग गेला हे सिद्ध होणार नव्हतं. देशाच्या मोठ्या संशोधन कार्यक्रमाचं नेतृत्व करणं म्हणजे काय, हे मला इथे कळलं. प्रयोगशाळेतला शोध हा त्याचा अर्धा भाग. आपण मोजतोय तो आकडा खरंच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, असं स्वतःच्याच खात्याला विचारण्याची छाती हा उरलेला अर्धा.

भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत झाला. २००४ मध्ये देश रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त म्हणून जाहीर झाला. जगातली शेवटची नोंद २००१ ची, केनियातल्या रानम्हशींमधली. मग २०११ ची घोषणा. ज्या कामाची पहिली प्रयोगशाळा पुण्यात निघाली, ते १२२ वर्षांनी पूर्ण झालं.

इथे थांबता आलं असतं. पण २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आली.

लम्पी हा निराळा रोग, अंगावर गाठी उठवणारा, माश्या-गोचिडांमार्फत पसरणारा. १९२९ साली आफ्रिकेत झांबियात पहिल्यांदा दिसला आणि २०१९ मध्ये ओडिशातून आपल्याकडे शिरला. २०२२ मध्ये राजस्थान-गुजरातनंतर ऑगस्टात जळगावकडून महाराष्ट्रात आला. नेमका पोळ्याच्या तोंडावर. सप्टेंबरमध्ये सारं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि बैलबाजार बंद पडले. माझ्या चुलतभावाच्या जोडीतला एक बैल गेला. ओढकामाच्या बैलासाठी सरकारी मदत २५ हजार रुपये होती. ती मिळाली. पण तेवढ्यात त्याच्या जोडीला शोभेल असा बैल कुठून आणायचा? त्या वर्षीची त्याची रब्बी सावडीवरच निघाली.

तेव्हा राज्यातल्या सुमारे १.४ कोटी गाई-बैलांना लस टोचायची मोहीम झाली. लस होती शेळ्यांच्या देवीची, म्हणजे पुन्हा एकदा शेळीच धावून आली! गुरांसाठीची खास लस हिसारच्या अश्व संशोधन केंद्रानं इज्जतनगरच्या संस्थेबरोबर तयार केली, ती १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली. त्याच डिसेंबरात नागपूरला करार होऊन तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला मिळालं. घटसर्प, फऱ्या अशा रोगांच्या लसी बनवणारी ही सरकारी संस्था. शेतकऱ्याला टोचणी फुकट मिळते, पण तिच्यामागे किती वर्षांची तयारी असते हे औंधसारख्या संस्थांकडे पाहिलं की कळतं.

२०२३ मध्ये लम्पी पुन्हा आली. लसीकरण जवळजवळ पूर्ण झालेल्या भागांतही. यात कुणाला बोल लावायचा नाही. लम्पी माशीवर बसून येते, तिला वेशीवर अडवता येत नाही आणि शेळीची लस शेवटी उसनीच. पण बातम्यांत रोज लसीकरणाची टक्केवारी वाचताना मला जुनी गोष्ट आठवत होती. लसीनंतर कुठल्या गावात, कोणत्या वयाच्या वासरांत गाठी दिसतात, हे कोण लिहून ठेवतंय? २०१९ मध्ये लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी मिळून १३,३४३ कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणता येईल असा पीपीआर २०३० पर्यंत जगातून घालवायचं ठरलंय. पैसा आहे, लसी आहेत, मुक्तेश्वर-इज्जतनगरची विद्या आहे. आता गावोगाव जाऊन "इथे आहे" किंवा "इथे नाही" एवढं इमानदारीनं लिहिणारी माणसं हवीत आणि त्यांच्या त्या कंटाळवाण्या वहीला मान देणारे वरिष्ठ हवेत. शेतकऱ्यानंही जनावर दडवून न ठेवता पहिल्या दिवशी कळवायला हवं. तो ते तेव्हाच करेल, जेव्हा कळवल्यावर कुणीतरी खरंच येतं असा त्याचा अनुभव असेल.

मंडळी, आता एक विनंती. आपल्या घराण्यातल्या ज्येष्ठांपैकी कुणाला बुळकांडी आठवत असेल, टोचणीवाले आठवत असतील, वेशीवरचा दोर आठवत असेल, तर मला कळवा. गावाचं नाव आणि अंदाजे साल एवढं मिळालं तरी चालेल. रोग विसरला गेला हे उत्तमच झालं. तो कसा गेला हे मात्र लिहून ठेवायला हवं, कारण पुढचा रोग दारात उभा आहे आणि आपल्या धुऱ्यावर अजून बैलच राबतोय.